जेसीबीच्या जिल्ह्यात जुनं यंत्र कुठे गेलं?

बीड जिल्ह्यात सभेला गर्दी जमवावी लागते, खोदकामाला ती आपोआप जमते. ओढ्यात पोकलेन उतरलं की तासाभरात बांधावर माणसं येऊन बसतात. कुणी शेळ्या सोडून आलेला असतो, कुणी नुसताच तंबाखू मळत असतो. मे २०१९ मध्ये ‘जेसीबी की खुदाई’ हा देशभरच्या मोबाइलवर थट्टेचा विषय झाला. एवढी माणसं खड्डा खणताना काय बघतात, म्हणून शहरांनी हसून घेतलं. पण जिथे वर्षाची पावसाची सरासरी साडेसहाशे-पावणेसातशे मिलिमीटर आणि तेवढा पाऊसही दरसाल पडेल याची खात्री नाही, तिथे खड्ड्यात पाणी लागतं की नाही यावर घरातली लग्नं ठरतात. तो बघायला माणूस बसणारच.

हा नाद खोदकामापुरता राहिलेला नाही. दसऱ्याला मशीन धुऊन, बकेटला झेंडूच्या माळा बांधून पूजा होते. काचेवर कुलदैवताचं नाव, मागे मालकाच्या पोरांची नावं. लहान पोरं ओल्या मातीत प्लॅस्टिकचा जेसीबी चालवतात आणि मोठी पोरं त्याचेच रील टाकतात. मिरवणुकीत तर बैलगाडीची, हत्तीची जागा जेसीबीनं केव्हाच घेतली. २०२३ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांच्या सभांच्या आणि दौऱ्यांच्या वाटेवर दोन्ही बाजूंना जेसीबी उभे करून फुलांचा वर्षाव झाला, तो साऱ्या महाराष्ट्रानं पाहिला. जरांगे मूळचे शिरूर कासार तालुक्यातल्या मातोरीचे, त्यामुळे बीडकरांना त्यात आपलेपणाही होता. मग पक्ष कोणताही असो, बकेटमधून गुलाल पडल्याशिवाय विजय साजरा झाल्यासारखा वाटेना. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या महागावात असाच गुलाल ओवाळणीच्या दिव्यांवर पडून भडका उडाला आणि माणसं भाजली. तरी प्रथा काही थांबलेली नाही.

इतकं सगळं असताना एक गोष्ट मात्र या जिल्ह्यात सापडत नाही: जुनं मशीन. जायकवाडीच्या काळातला डोझर, पहिल्या पिढीतलं एल अँड टीचं पोकलेन, ऐंशीच्या दशकातला जेसीबी यांपैकी कुणी काही जपून ठेवलं आहे, रंग देऊन चालू ठेवलं आहे, असं माझ्या तरी पाहण्यात नाही. नव्या यंत्राचं वेड आणि जुन्याबद्दल पूर्ण बेफिकिरी, असा हा मामला आहे. आणि यंत्राच्या सीटवर बसणाऱ्या माणसाची तर कुठेच नोंद नाही. या दोन्ही गोष्टींचा एकदा नीट हिशेब मांडायला हवा.

बाहेर काय चालतं ते थोडक्यात पाहू. अमेरिकेत १९८५ साली जुन्या बांधकाम यंत्रांच्या शौकिनांनी आपली संघटना काढली. ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन इथे तिचं संग्रहालय आहे आणि तिच्या मेळाव्यात सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे डोझर, दोरखंडावर चालणारे शॉवेल प्रत्यक्ष माती उचलून दाखवतात. कॅन्सस राज्यात ‘बिग ब्रूटस’ नावाचं, सोळा मजली इमारतीएवढं खाणीतलं विजेवरचं शॉवेल जागेवरच संग्रहालय बनून उभं आहे. इंग्लंडमधली गोष्ट मला जास्त आवडते. १९०९ साली लिंकनच्या रस्टन प्रॉक्टर कंपनीत बनलेलं वाफेवरचं एक खोदयंत्र खडूच्या खाणीत काम संपल्यावर तिथेच सोडून दिलं गेलं. खाणीत पाणी भरलं, यंत्र बुडालं. १९७७ मध्ये हौशी मंडळींनी ते पाण्याबाहेर ओढून काढलं, दुरुस्त केलं आणि पुढे ते आपल्या गावी लिंकनला परत आलं. एका खोदयंत्रासाठी पाण्यात बुड्या मारणारे लोक असतात, हे आपल्याकडे सांगितलं तर ‘भंगाराचा काय भाव मिळाला?’ एवढंच कुणी विचारील.

त्या विचारण्यात बीडकरांचा दोष नाही. इथे यंत्र हौसेनं आलेलंच नाही. यंत्र आलं ते तहानेपोटी आणि हप्त्यावर.

पण यंत्राआधीही या मातीत मोठी खोदकामं झाली आहेत. बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. तिच्या तळाशी येणारे आणि तिथून जाणारे भुयारी पाट हातानं खोदलेले आहेत आणि त्या काळी उताराचं गणित ज्यांनी बसवलं त्यांना पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळीसुद्धा बहुधा ठाऊक नव्हती. इमारतीच्या शिलालेखांत सरदाराचं नाव राहतं, भुयार कोरणाऱ्याचं राहत नाही. मराठवाड्यात माती आणि दगड हलवण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या वडार आणि बेलदार समाजांनी केलं. माती वडारांची कुटुंबं गाढवांवर माती लादून तळी-बंधाऱ्यांच्या कामावर फिरत. शेतकऱ्याकडे असायची केणी: बैलांनी ओढायची, माती खरवडून पुढे नेणारी फळी. उंचवटा मोडायचा, खोलगट भरायचा आणि शेत सपाट करायचं. आज गोदाकाठच्या बातम्यांत ‘केनी जप्त’ असा मथळा दिसतो. ती केनी ट्रॅक्टरला जोडलेली असते आणि नदीतली वाळू ओढते. बैल गेले, केणी राहिली आणि काम बदललं.

नंतर आला १९७२ चा दुष्काळ. आजही सत्तरीच्या पुढच्या बाईला ‘बहात्तर’ म्हटलं की खडी फोडणं, सुकडी आणि पाझर तलाव आठवतात. त्या दुष्काळी कामांवर माती मोजायची पद्धत बघण्यासारखी होती. टोळीला खणायला चौकोनी खड्डा आखून दिला जायचा. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उंचवटा न खणता तसाच ठेवायचा. त्याची उंची म्हणजे खड्ड्याची खोली. ओव्हरसिअर टेप लावून ती मोजणार आणि त्यावर टोळीचा पगार निघणार. मग काही चतुर मंडळी रात्रीतून त्या उंचवट्यावर चार घमेली माती थापून तो वाढवायची आणि मुकादम सकाळी पाय मारून तो पक्का आहे का पाहायचा. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ ला लागू झाला तो या सगळ्या अनुभवातून. काम माणसाला द्यायचं हा त्याचा गाभा होता. यंत्र आणि मजूर यांच्यातलं भांडण तिथेच सुरू होतं आणि पुढे ते संपलेलं नाही.

गाडी वळणावर आली ती मोठ्या धरणांच्या काळात. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये केली, उद्घाटन इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये केलं. पैठणचं ते धरण जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचं आणि बव्हंशी मातीचं. त्याच प्रकल्पाचा दुसरा टप्पा म्हणजे सिंदफणेवरचं माजलगाव धरण. पैठणहून उजवा कालवा माजलगावपर्यंत आणून १९८७ मध्ये ते पुरं झालं. तेही साडेसहा किलोमीटरच्या आसपास लांबीचं मातीचं धरण. दरम्यान केज तालुक्यात धनेगावला मांजरा नदी अडली. बीड जिल्ह्याच्या पोटात इतकी माती याआधी कधी हलली नव्हती.

मातीचं धरण म्हणजे नुसता ढिगारा नसतो. मधला गाभा पाणी न झिरपणाऱ्या चिकण मातीचा, बाजूला मुरमाड भराव आणि पाण्याच्या बाजूला दगडांचं अस्तर. माती वीतभर जाडीच्या थरांत पसरायची, पाणी मारायचं, दातेरी रोलरनं दाबायची, मग वर पुढचा थर. माणसं आणि गाढवं ही दाबाई करू शकत नव्हती, म्हणून पाटबंधारे खात्यानं आपली यांत्रिकी शाखा उभी केली: स्वतःचे डोझर, स्वतःची वर्कशॉपं, पगारी ऑपरेटर. डोझर बनवायला देशात कारखाना हवा म्हणून केंद्र सरकारनं १९६४ मध्ये भारत अर्थ मूव्हर्स लिमिटेड, म्हणजे आजची बीईएमएल, ही कंपनी काढली. तिचा कारखाना कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावी आणि पुढे तिला जपानच्या कोमात्सुचं तंत्र मिळालं. तिचे पिवळे डोझर देशभरच्या धरणांवर गेले. जमशेदपूरला टेल्को दोरखंडावर चालणारे शॉवेल बनवत होती, तर एल अँड टीनं फ्रान्सच्या पोक्लेन कंपनीच्या परवान्यानं हायड्रॉलिक खोदयंत्रं बनवायला घेतली. त्या पोक्लेनचं इथे पोकलेन झालं आणि आज टाटा हिताचीचं असो की ह्युंदाईचं, चेनवर चालणारं प्रत्येक खोदयंत्र बीडमध्ये पोकलेनच आहे.

त्या जुन्या डोझरवर बसणं म्हणजे काय होतं? कॅबिन नाही, छत असलं तर पत्र्याचं. पुढे इंजिन, त्याची सगळी धग अंगावर. वळायला स्टिअरिंग नाही, दोन दांडे. उजवा दांडा ओढला की उजव्या चेनचं बळ तुटतं आणि मशीन उजवीकडे वळतं. त्याच वेळी पायानं ब्रेक, तिसऱ्या हातानं म्हणावं असं पातं वर-खाली. जुन्या विदेशी मॉडेलात तर मोठं डिझेल इंजिन चालू करायला शेजारी छोटं पेट्रोल इंजिन असायचं. आधी ते चालू करायचं आणि त्यानं मोठं फिरवायचं. चेनचे रोलर चिखलात घासून झिजायचे, म्हणून रोज संध्याकाळी चिखल काढून ग्रीस. बीडच्या मे महिन्यात बेचाळीस अंशात ही नोकरी करणाऱ्या माणसांनी धरणाचा माथा टोकापर्यंत एका उंचीत आणला, तोही डोळ्यांच्या अंदाजावर, मागे इंजिनिअर दुर्बीण लावून उभा असला तरी. धरणाच्या पाटीवर मंत्र्याचं नाव आहे, खर्चाचा आकडा आहे. ऑपरेटरचं नाव मला एकाही पाटीवर दिसलेलं नाही.

हे डोझर गेले कुठे? सरकारी यंत्राचं आयुष्य कागदावर ठरलेलं असतं. तेवढे तास भरले, दुरुस्तीचा खर्च परवडेना, की निर्लेखनाचा प्रस्ताव जातो आणि लिलाव होतो. लिलावात यंत्र वजनावर जातं. भंगारवाला गॅस कटर घेऊन येतो आणि चार दिवसांत पातं वेगळं, चेन वेगळी, इंजिन वेगळं. खाजगी मालकाचं गणित त्याहून साधं आहे. जुन्या मशीनला पिन-बुश, पंप, सील सहज मिळत नाहीत आणि मिळेपर्यंत मशीन चार-चार दिवस उभं राहतं. उभ्या मशीनचा हप्ता थांबत नाही, म्हणून बदली करून नवं घेतलं जातं.

नव्याची कथा इंग्लंडमधल्या एका भाड्याच्या गॅरेजात सुरू होते. जोसेफ सिरिल बॅमफोर्ड यांनी २३ ऑक्टोबर १९४५ रोजी, ज्या दिवशी त्यांना मुलगा झाला त्याच दिवशी, अटॉक्सिटर गावात धंदा मांडला. लढाईतल्या टाकाऊ लोखंडापासून त्यांनी आधी शेतीचा ट्रेलर केला आणि १९५३ मध्ये पुढे लोडर, मागे खोदायचा हात असलेलं मशीन. भारतात १९७९ मध्ये एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत हरियाणातल्या बल्लभगडला कारखाना निघाला. पुढे कंपनीनं पूर्ण ताबा घेतला आणि पुण्याजवळ तळेगावलाही कारखाने आले. मराठवाड्यात पोकलेनपेक्षा जेसीबी जास्त का पसरला याचं उत्तर टायरमध्ये आहे. पोकलेनला ट्रेलरवर लादून न्यावं लागतं. जेसीबी आपल्या चाकांवर सकाळी नेकनूरला नाली काढून दुपारी मांजरसुंब्याच्या वस्तीवर मुरूम भरायला जातो. काम तासावर. मीटरचा आकडा शेतकरी आणि ऑपरेटर दोघंही वाचतात आणि भांडण झालं तर त्याच आकड्यावरून होतं.

विहिरींचं कामच बदलून गेलं. पूर्वी वडारांची टोळी, सुरुंग, मग ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर आणि वरून गाळ-दगड ओढायला यारी. यारीवरचा गडी आणि विहिरीतले गडी यांचं काम सगळं आवाजावर चालायचं. खालून हाक आली की तार ओढायची, दुसरी हाक आली की थांबायचं. हाक चुकली तर खाली माणूस. आता पोकलेन आधी मोठा पसरट खड्डा पाडतं, त्यात सिमेंटची गोल भिंत उभी राहते आणि बाहेरची पोकळी मातीनं भरून घेतात. वर्षाची विहीर आठवड्यावर आली. यारी अजून आहे, खोल कातळ लागला की तिचीच गरज पडते. मला विचाराल तर या जिल्ह्यात जपायलाच हवं असं पहिलं यंत्र यारी आहे, डोझर नाही. तिचा कोणताही कारखाना नाही. ती गावच्या लोहारानं, वेल्डिंगवाल्यानं बनवलेली आहे आणि दोन यारी एकसारख्या नसतात.

दुष्काळानं या यंत्रांना पुण्याचं काम दिलं. २०१३ मध्ये भारतीय जैन संघटनेनं जिल्ह्यातल्या तलावांतला गाळ काढायला यंत्रं लावली. डिसेंबर २०१४ पासून सरकारची जलयुक्त शिवार योजना आली, २०१६ मध्ये पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी जे तीन तालुके निवडले गेले त्यात अंबाजोगाई होतं. त्याच वर्षी मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांच्या नाम फाउंडेशनचीही पोकलेन गावोगाव फिरली. अंबाजोगाईच्या मानवलोक संस्थेनं नाल्यांत ठरावीक अंतरावर डोह करण्याचं काम लावून धरलं. रुंदी-खोलीच्या मागे न लागणारं ते काम मला अधिक शहाणपणाचं वाटतं. कारण बाकीच्या ठिकाणी खोलीकरण म्हणजे नाला सरसकट उकरणं झालं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी खडकाचा अभ्यास करून नाले खोल केले. इकडे बऱ्याच गावांत अभ्यास राहिला आणि मशीन तेवढं आलं. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून जॉनी जोसेफ समिती नेमली गेली, पुढे कॅगनंही जलयुक्तच्या परिणामांवर बोट ठेवलं. वाहतं पाणी अडवताना भूजलाचा थर उघडा पाडला, तर खालच्या शेतकऱ्याची विहीर आटते. ऑपरेटरला ते कळतं का? पुष्कळदा कळतं. पण तो तासावर आहे आणि कुठे थांबायचं हे त्याला कुणी विचारत नाही.

यंत्राची काळी बाजूही लपवायचं कारण नाही. मनरेगाच्या कायद्यात मजुरांचं काम हिरावणारं यंत्र आणि कंत्राटदार दोन्ही वर्ज्य होते. प्रत्यक्षात रात्री मशीननं काम आणि दिवसा हजेरीपटावर नावं, हा प्रकार बीडला नवा नाही आणि जिल्ह्यातल्या रोजगार हमीच्या गैरव्यवहाराची प्रकरणं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेली. गेवराई, माजलगाव, परळी या गोदाकाठच्या तालुक्यांतला वाळूउपसा हे तर उघड गुपित. कारवाई झाली की मशीन तहसीलच्या आवारात उभं राहतं आणि पहिला गुन्हा ऑपरेटरवर दाखल होतो. मालक कुठल्या तरी तिसऱ्या गावी असतो.

आता खुद्द ऑपरेटरबद्दल. बहुतेकांना शाळा नसतेच. पोरगा हेल्पर म्हणून लागतो. दोन वर्षं ग्रीस मारणं, डिझेल भरणं, बकेटचे दात बदलणं आणि चहा आणणं. मग उस्ताद दुपारी झाडाखाली आडवा झाला की त्याला मोकळ्या रानात लिव्हर मिळतो. ज्या जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात, तिथे कोयता टाळायची ही एक वाट आहे, आणि आईबाप ती आनंदानं दाखवतात. जेसीबीत मागचं खोदकाम करताना सीट उलटी फिरवायची, दोन्ही जॅक टेकवून मशीन जमिनीवर घट्ट बसवायचं आणि मग बूम, पुढचा हात आणि बकेट या तीन गोष्टी एकाच वेळी अशा चालवायच्या की बकेटचा दात सरळ रेषेत यावा. बघायला सोपं, करायला फार अवघड. नवखा माणूस एकेक हालचाल सुटी करतो, म्हणून त्याचं मशीन हिसके देतं. जाणत्याचं मशीन वाहतं. दात मुरमात शिरला की इंजिनाचा आवाज दबतो, कातळाला लागला की मशीनच मागून उचललं जातं. चांगल्या ऑपरेटरला जमिनीखालची पाइपलाइन फुटण्याआधी लिव्हरमध्ये जाणवते. जुन्या मशीनच्या कडक लिव्हरमध्ये हे जास्त जाणवायचं, असं जुने लोक सांगतात. नव्या गाडीत बोटानं हलणारे जॉयस्टिक, एसी कॅबिन आणि मशीन कुठे आहे, किती तास चाललं, डिझेल किती प्यालं हे मालकाच्या मोबाइलवर कळवणारी यंत्रणा. गाडी थांबवून झोप काढायची सोय गेली, ही तक्रार मला अगदी रास्त वाटते.

पगार, तासावर भत्ता, पावसाळ्यात सुट्टी म्हणजे बिनपगारी. फंड नाही, विमा असला तर मशीनचा. कंबर चाळिशीतच जाते. विहिरीची कड ढासळणं, उतारावर मशीन कलंडणं, बूम विजेच्या तारेला लागणं हे धोके रोजचे. आणि एवढं करून नाव कुठेच राहत नाही. अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेचं २६१ किलोमीटरचं काम १९९५ मध्ये मंजूर झालं आणि बीडला गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला आली. बालाघाटच्या डोंगरउतारांतले कटिंग आणि भराव ज्यांनी तीस वर्षांत केले, त्यांतले किती ऑपरेटर बीडचे होते, किती बिहार-झारखंडचे, याची यादी कंत्राटदाराच्या वहीत होती. वही गेली की यादीही गेली.

मग जपायचं काय आणि कुणी? कायदा इथे मदतीला येत नाही. केंद्रानं जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदायची सोय केली, ती दुचाकी आणि मोटारगाड्यांपुरती. हौशी माणसाची फियाट त्यात बसते, डोझर बसत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की मोटार वाहन नियमांत बांधकाम यंत्राची व्याख्याच चाकांच्या यंत्रांची आहे. जेसीबीला एमएच-२३ ची पाटी मिळते, चेनवरच्या पोकलेनला मिळत नाही. ज्या यंत्राची जन्मनोंद नाही त्याच्या मरणाचीही नोंद कुठून होणार?

आणि चेनवरचं यंत्र जपता येत नाही असं मुळीच नाही. बीडहून सव्वाशे किलोमीटरवर अहिल्यानगरला १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. देशोदेशीचे रणगाडे तिथे रंगवून, माहितीची पाटी लावून ठेवले आहेत आणि शाळांच्या सहली तिथे जातात. रणगाड्याची चेन मुळात शेतीच्या आणि माती ओढायच्या ट्रॅक्टरवरून लढाईत गेली. लढाईतलं भावंड जपलं, धरणावरचं विकलं.

माझं मत असं की मोठ्या संग्रहालयाच्या गप्पा आत्ता नकोत. त्यांना जागा, पैसा, मंत्री आणि फीत लागते. त्याआधी तीन गोष्टी होऊ शकतात. जलसंपदा खात्याच्या यांत्रिकी शाखेनं पुढच्या निर्लेखनातला एक डोझर लिलावातून वगळावा आणि तो छत्रपती संभाजीनगरच्या वाल्मी संस्थेत किंवा माजलगाव धरणावर उभा करावा. वाल्मीत पाणी-जमिनीचं शिक्षण घ्यायला लोक येतात, त्यांना बघायला मिळेल. अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या एखाद्या महाविद्यालयानं एक चालती यारी विकत घ्यावी, तिला भंगाराच्या भावापेक्षा फारसं जास्त लागणार नाही. आणि तिसरी गोष्ट, जी या दोन्हींच्या आधी करायला हवी: माणसांना विचारणं. मशीन पुन्हा मिळू शकतं, इंग्लंडमध्ये तर पाण्यातूनही मिळालं. ऑपरेटर गेला की त्याच्याबरोबर उताराचा अंदाज, मातीच्या थरांची ओळख, कोणत्या भरावाखाली काय दडलं आहे हे सगळं जातं. हे शेवटचं निव्वळ हौसेचं नाही. धरणाची गळती शोधताना भराव करणाऱ्याचं सांगणं कामी येतं.

तुमच्या घरात, भावकीत, शेजारी कुणी जायकवाडीवर, माजलगाववर, मांजऱ्यावर डोझर, रोलर, डंपर चालवला असेल, यारी ओढली असेल, तर त्यांच्यासमोर मोबाइल ठेवून बसा. मशीन कोणतं होतं, पाटीवर काय लिहिलं होतं, पगार किती होता, शिकवलं कुणी, कोण दगावलं, हे विचारा. जुना फोटो असेल तर त्याच्या मागे नावं आणि साल लिहून ठेवा. जायकवाडीच्या भरावावर पंचविशीत चढलेला माणूस आज पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, तेव्हा विचारायचं असेल तर याच उन्हाळ्यात विचारा.